वाचकांचे प्रश्न : पोटातली हालचाल आणि पाळण्यातले बाळ

गर्भातील बाळाची हालचाल आणि जन्मानंतरचे त्याचे वागणे यांचा संबंध विचारणारी बरीच पत्रे या वेळी आली. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : थोरल्या मुलीच्या वेळी पोटात हालचाल मोजकीच जाणवे आणि ती जन्मल्यापासून शांत होती. धाकट्याने मात्र सहाव्या महिन्यापासून मला झोपू दिले नाही; आता तो चार महिन्यांचा आहे, क्षणभर स्वस्थ राहत नाही आणि किरकिरही फार करतो. सासूबाई म्हणतात, 'पोटात होता तसाच बाहेर आला.' यात कितपत तथ्य आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सासूबाईंचे निरीक्षण निराधार नाही, मात्र त्यावरून बाळाच्या स्वभावाचे भाकीत करू नये. हा प्रश्न संशोधकांना फार पूर्वीपासून पडलेला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात यलो स्प्रिंग्ज या गावी १९२९ साली सुरू झालेल्या फेल्स संशोधन संस्थेत लेस्टर सोनटॅग आणि त्यांचे सहकारी गर्भातील बाळांच्या हालचालींच्या नोंदी ठेवत असत. तेथील संशोधकांनी १९३८ मध्ये असे मांडले की, शेवटच्या महिन्यांत अधिक हालचाल करणारी बाळे सहा महिन्यांची झाल्यावर विकासाच्या चाचण्यांत काहीशी पुढे असतात. त्या काळी सोनोग्राफी नव्हती आणि तपासलेली बाळेही थोडी होती, त्यामुळे त्या निष्कर्षांचे मोल आज मुख्यतः ऐतिहासिक आहे.

या विषयावरचे अधिक काटेकोर काम जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॅनेट डिपिएत्रो यांचे. त्यांनी परतणाऱ्या ध्वनिलहरींवरून हालचाल टिपणाऱ्या डॉपलर यंत्राने, म्हणजे आईच्या सांगण्यावर विसंबून न राहता, विसाव्या आठवड्यापासून दिवस भरेपर्यंत ३१ बाळांच्या हालचाली आणि हृदयाचे ठोके वेळोवेळी नोंदवले. पुढे ती बाळे तीन आणि सहा महिन्यांची झाल्यावर त्यांच्या स्वभावाविषयी आयांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पोटात अधिक हालचाल करणारी बाळे पुढे अधिक चळवळी, सांभाळायला अवघड आणि झोपेच्या व भुकेच्या वेळा न पाळणारी असल्याचे आढळले. स्वभावाचा कोणता गुण आणि कोणते वय यांनुसार, बाळाबाळांतील फरकाचा २२ ते ६० टक्के भाग गर्भातील नोंदींवरून सांगता येत होता. हे आकडे ऐकून सासूबाई खूश होतील, परंतु केवळ ३१ बाळांवरून निघालेले एवढे मोठे आकडे मी जपूनच घेईन. लहान गटांतून दिसणारे संबंध मोठ्या गटांत बहुधा फिके पडतात. शिवाय स्वभावाची माहिती आयांनीच दिलेली होती, आणि ज्या आईला नऊ महिने लाथा बसल्या तिला आपले मूल मुळातच दांडगे वाटण्याची शक्यता असते.

ही अडचण टाळण्यासाठी डिपिएत्रो यांच्या गटाने २००२ मधील अभ्यासात एक आणि दोन वर्षांच्या मुलांचे वागणे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पाहिले, आणि तेथे चित्र बरेच गुंतागुंतीचे निघाले. छत्तिसाव्या आठवड्यात अधिक हलणारे मुलगे वर्षाचे झाल्यावर अधिक चळवळे होते, परंतु मुलींमध्ये नेमके उलटे दिसले. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, पोटात अधिक हालचाल करणारी मुले वर्षाची झाल्यावर, त्यांना अडवले किंवा धरून ठेवले असता, इतरांपेक्षा कमी चिडत, आणि दोन वर्षांची झाल्यावर अनोळखी गोष्टींना कमी बुजत. म्हणजे चार महिन्यांच्या वयात जे बाळ 'अवघड' म्हणून गणले जाते, तेच पुढे धीट आणि मोकळे निघण्याचा संभव आहे. तुमच्या किरकिऱ्या धाकट्याविषयी एवढाच दिलासा मी देऊ शकतो.

आता तुमच्या दोन गर्भारपणांच्या तुलनेविषयी. आईला जाणवणारी हालचाल आणि बाळाने प्रत्यक्ष केलेली हालचाल या निराळ्या गोष्टी आहेत. दिवस भरत आलेले बाळ सरासरी मिनिटाला एकदा तरी हलते, आणि त्यातले बरेचसे आईच्या लक्षातही येत नाही. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल तर लाथांचा जोर तिच्यात जिरतो. पहिलटकरणीला हालचाल साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात उमगते, तर दुसऱ्या खेपेला ती आधीच ओळखू येते. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या बाईला जे जाणवत नाही, ते पलंगावर पडलेल्या बाईला जाणवते. तेव्हा थोरली खरोखरच कमी हलत होती की तुम्हाला कमी जाणवत होते, हे आता सांगता येणार नाही.

प्रश्न : मला चौतिसावा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यापर्यंत बाळ खूप हलायचे, आता दोन दिवसांपासून फारच शांत आहे. शेजारच्या काकू म्हणतात की शेवटी जागा कमी पडते म्हणून हालचाल मंदावते, आणि असे बाळ पुढे शहाणे, गुणी निघते. हे खरे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : हे उत्तर अंकाची वाट न पाहता, तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी तुम्हाला कळवले होते, इतर वाचकांसाठी ते येथे देत आहे. हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली, तर त्याचा अर्थ बाळाच्या स्वभावात शोधायचा नसतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. जागा कमी पडल्याने हालचालीचे रूप बदलते, जोरदार लाथांऐवजी वळणे आणि ढकलणे अधिक जाणवते. परंतु बत्तिसाव्या आठवड्यानंतर हालचालींची संख्या साधारण स्थिर राहते आणि निरोगी बाळाची हालचाल प्रसूतीपर्यंत मंदावत नाही. पोटातले बाळ झोपते तेव्हा वीस ते चाळीस मिनिटे निश्चल असते, क्वचितच नव्वद मिनिटांहून अधिक. शंका आली तर डाव्या कुशीवर पडून लक्ष द्यावे, आणि दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर रात्र असली तरी थांबू नये. हालचाल कमी होणे हे प्राणवायू अपुरा पडत असल्याचे पहिले लक्षण असू शकते. बहुतेक वेळा तपासणीत सर्व ठीक निघते आणि बाई घरी परतते. असा हेलपाटा पडला म्हणून कोणी संकोच करू नये.

प्रश्न : आमची नात तीन आठवड्यांची आहे. झोपेत एकदम दचकते, हातपाय झटकते, जांभया देते, उचक्या लागतात, मूठ तोंडात घालते. उभी धरली की पावले टाकते. हे सारे ती कुठून शिकली, आणि दचकण्याची काळजी करावी का? (एक आजोबा, पुणे)

उत्तर : आजोबा, तुम्ही लिहिलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तुमची नात जन्मण्याआधी कित्येक महिने करत होती. १९८२ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे हाइन्झ प्रेख्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांतील बाळांची सोनोग्राफी दीर्घ काळ करून कोणती हालचाल केव्हा प्रथम दिसते याची नोंद केली. शेवटच्या पाळीपासून मोजले तर सातव्या-आठव्या आठवड्यात पहिली सूक्ष्म हालचाल दिसते. त्या वेळी गर्भाची लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर असते. त्यानंतर लवकरच दचकणे आणि सर्वांगाची हालचाल सुरू होते, नवव्या आठवड्याच्या सुमारास उचकी, दहाव्याच्या सुमारास श्वास घेतल्यासारखी छातीची हालचाल आणि हात चेहऱ्याला लागणे, मग जांभई, आणि बाराव्या आठवड्याच्या आसपास चोखणे व गिळणे. पंधराव्या आठवड्यापर्यंत नवजात बाळाच्या हालचालींचा बहुतेक संच तयार असतो, आणि आईला तर तेव्हा काही जाणवलेलेही नसते.

पूर्वी असे मानत की बाळ स्पर्शाला किंवा धक्क्याला प्रतिसाद म्हणून हलते. प्रेख्टल यांचे मोठे योगदान हे की त्यांनी ही समजूत मोडीत काढली. मेंदूचा तळ आणि मज्जारज्जू यांतील चेतापेशी स्वतःहून लयबद्ध संदेश निर्माण करतात आणि बाहेरून काहीही न घडता बाळ हलू लागते. सेंट लुई येथील व्हिक्टर हँबर्गर यांनी १९६०च्या दशकात कोंबडीच्या गर्भांवर हेच दाखवले होते : संवेदना आणणाऱ्या चेता तोडल्या तरी पिलू हलतच राहते.

जन्म हा आपल्या दृष्टीने केवढा मोठा बदल, परंतु हालचालींच्या बाबतीत तो जवळजवळ लक्षातही येत नाही. हात, पाय, मान, धड यांची सर्वांगातून लहरत जाणारी, आळोखेपिळोखे दिल्यासारखी जी हालचाल आठव्या-नवव्या आठवड्यात सुरू होते, ती जन्मानंतर तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याच घडणीची राहते. अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत असले तरी, त्याच वयाचे पोटातले बाळ जशी हालचाल करते तशीच तेही करते. तीन महिन्यांच्या सुमारास तिची जागा लहान, गोलाकार, सर्वांगभर सतत चालणारी नाजूक हालचाल घेते आणि ती पाचव्या महिन्यापर्यंत दिसते.

या नाजूक हालचालीत पुढच्या आयुष्याची खरी खूण असते. प्रेख्टल यांच्या गटाने १९९७ मध्ये १३० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिन्यांच्या सुमारास ज्या ७० बाळांत ही हालचाल नीट होती, त्यांपैकी ६७ बाळांचा मज्जासंस्थेचा विकास पुढे सर्वसाधारण झाला. ज्या ६० बाळांत ती नव्हती किंवा बिघडलेली होती, त्यांपैकी ५७ बाळांत पुढे मज्जासंस्थेचा दोष आढळला आणि त्यांतील बहुतेकांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे येणारे हालचालींचे कायमचे अपंगत्व, होती. बाळ किती हलते यापेक्षा ते कसे हलते याला किती महत्त्व आहे, हे यावरून दिसते. प्रशिक्षित डॉक्टर केवळ काही मिनिटांचे चित्रीकरण पाहून ही तपासणी करतात. अपुऱ्या दिवसांच्या किंवा जन्मतः गुदमरलेल्या बाळांच्या पालकांनी तिच्याविषयी आवर्जून विचारावे.

झोपेतल्या झटक्यांविषयी बोलायचे तर, नवजात बाळाच्या झोपेचा सुमारे निम्मा भाग सक्रिय झोपेचा असतो, आणि त्या झोपेत बोटे, ओठ, पापण्या, हातपाय क्षणभर उडतात. आयोवा विद्यापीठातील मार्क ब्लुंबर्ग यांनी उंदरांच्या पिलांवर केलेल्या कामातून असे दिसते की या झटक्यांतून मेंदूला शरीराची ओळख पटत जाते. नातीचे दचकणे झोपेपुरते असेल आणि उठवल्यावर थांबत असेल, तर काळजी नको. जागेपणी एकसारखे झटके येत असतील, हात धरूनही ते थांबत नसतील किंवा त्या वेळी नजर स्थिर होत असेल, तर मात्र तातडीने बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

मूठ तोंडात जाते, तीही योगायोगाने नव्हे. जपानी आणि ब्रिटिश संशोधकांनी सोनोग्राफीत पाहिले आहे की हात तोंडापाशी पोहोचण्याआधीच पोटातले बाळ तोंड उघडते, आणि नवजात बाळही तसेच करते. पावले टाकणे दोन-तीन महिन्यांत बंद होईल, त्याने घाबरू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलेन यांनी १९८४ साली दाखवले की ते विसरलेले नसते : पाय जाड आणि जड होतात, स्नायू मात्र तेवढे बळकट झालेले नसतात. अशा बाळांना कमरेपर्यंत पाण्यात उभे धरले की तीच पावले पुन्हा पडू लागतात. गर्भजलात तरंगणाऱ्या बाळाला हे वजन उचलावे लागत नव्हते, एवढाच फरक.

प्रश्न : रात्री नऊ-दहा वाजले की पोटात बाळाचा खेळ सुरू होई. आता ते महिन्याचे आहे आणि रात्रीच जागते. सवय पोटातच लागली का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : अंशतः. दिवस भरत आलेल्या बाळांची हालचाल उशिरा संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरात वाढते, हे नोंदींतून दिसले आहे. हा केवळ तुम्ही निवांत पडल्यावर लक्ष गेल्याचा भास नव्हता. परंतु ती लय बव्हंशी तुमची होती. तुमच्या शरीरात रात्री वाढणारे मेलाटोनिन हे संप्रेरक वारेतून बाळापर्यंत जाई आणि त्याला दिवस-रात्र कळवी. नाळ कापल्यावर ती सूचना बंद झाली, आणि बाळाची स्वतःची लय बसायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर ते रात्री जागते तसे दिवसाही जागतच असते, फक्त दिवसा त्याचा त्रास होत नाही. सकाळी खोलीत भरपूर उजेड येऊ द्यावा आणि रात्री दूध पाजताना दिवा मंद ठेवावा.

प्रश्न : आमच्या घराण्यात डावखुरे बरेच आहेत. बाळ डावखुरे होणार हे सोनोग्राफीत कळते का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठातील पीटर हेपर यांनी पोटात अंगठा चोखणाऱ्या ७५ बाळांचा, ती दहा-बारा वर्षांची झाल्यावर, पुन्हा शोध घेतला. पोटात उजवा अंगठा चोखणारी ६० मुले होती आणि ती साठही उजवखुरी निघाली. डावा अंगठा चोखणाऱ्या १५ मुलांपैकी १० डावखुरी होती, तर पाच उजवखुरी. २००५ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला या विषयातील सर्वांत नीटस वाटतो, कारण येथे मोजण्याची गोष्ट स्पष्ट आहे आणि आईच्या मतावर ती अवलंबून नाही. उजव्या-डाव्याची निवड मेंदूच्या वरच्या थराचा हालचालींवर ताबा येण्याच्या आधीच झालेली असते, असे यावरून दिसते. मात्र बाळ नेमके त्या क्षणी अंगठा चोखत असेल, तरच सोनोग्राफीत काही दिसणार. डावखुरे निघाले तर हात बांधून सवय मोडू नये, हे घराण्यात डावखुरे असलेल्यांना सांगायला नकोच.

प्रश्न : सातव्या महिन्यात माझे वडील गेले. मी खूप रडले. बाळ त्या दिवसांत कमी हलत असे. सगळे म्हणतात की दुःखाचा संस्कार बाळावर झाला असणार. मुलगी आता दोन महिन्यांची आहे आणि मला सतत भीती वाटते. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : ताई, तुमचे निरीक्षण बरोबर असण्याची शक्यता आहे, त्यावरून इतरांनी काढलेला अर्थ बरोबर नाही. डिपिएत्रो यांनी गर्भवतींना थोडा ताण येईल अशी डोक्याला ताण देणारी कामे करायला दिली, तेव्हा त्यांच्या बाळांची हालचाल काही मिनिटांपुरती मंदावली. जपानमध्ये २०१० साली गर्भवतींना आनंदी आणि दुःखी चित्रदृश्ये दाखवली असता, आनंदी दृश्यांच्या वेळी बाळांच्या हातांची हालचाल वाढली आणि दुःखी दृश्यांच्या वेळी कमी झाली. आईच्या शरीरातले बदल बाळाला जाणवतात, एवढे यातून कळते. परंतु हे प्रतिसाद क्षणिक असतात. त्यातून दुःखाचा ठसा उमटून स्वभाव बिघडतो असे या प्रयोगांतून दिसत नाही. सुभद्रेच्या पोटात अभिमन्यूने चक्रव्यूह ऐकला ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि गर्भसंस्काराच्या वर्गांत ती पुरावा असल्यासारखी सांगितली जाते; त्यातून आईच्या प्रत्येक अश्रूचा हिशेब मांडला जातो, याचा मला राग येतो. दीर्घकाळ उपचारांविना राहिलेले तीव्र नैराश्य मात्र वेगळे, आणि ते प्रसूतीनंतरही येते. दोन महिन्यांनंतरही भीती जात नसेल, तर ती तुमच्या डॉक्टरांना सांगा. तेथे बाळाच्या तपासणीबरोबर आईचीही याबाबत विचारपूस केली जाते. तेव्हा मनात ठेवू नका.

प्रश्न : फार उड्या मारणारे बाळ म्हणजे मुलगा, असे म्हणतात. काही अभ्यास झाला आहे का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : पायांच्या हालचालींत मुलगे सरासरीने थोडे पुढे असल्याचे एखाद्या अभ्यासात आढळले आहे, परंतु हा फरक इतका लहान आहे की एका बाळाविषयी त्यावरून काहीही सांगता येत नाही. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला आणि १९९४ मध्ये तो देशभर झाला. या प्रश्नाचे याहून अधिक उत्तर देण्याची माझी इच्छा नाही.

प्रश्न : आमचा नातू पायाळू आहे, सिझेरियनने झाला. इतर बाळे पाय पोटाशी घेऊन झोपतात, हा मात्र पाय सरळ ताणून, कधी पार तोंडापाशी नेऊन झोपतो. न्हाऊ घालणाऱ्या बाई म्हणतात की मालिश करून, घट्ट बांधून पाय 'वळणावर' आणू. करावे का? (एक आजी, रत्नागिरी)

उत्तर : आजी, बांधू नका, ओढू तर मुळीच नका. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण चारांतील एक बाळ पायाळू स्थितीत असते. बहुतेक बाळे पुढे स्वतःच फिरतात आणि दिवस भरल्यावर अशी तीन-चार टक्केच उरतात. त्यांतली बरीच बाळे ढुंगण खाली आणि पाय सरळ वर, चेहऱ्यापाशी, अशा घडीत शेवटचे आठवडे काढतात. लाथ मारायला, पाय वाकवून झाडायला त्यांना वाव नसतो, आणि त्याचा परिणाम जन्मानंतरच्या वागण्यात थेट दिसतो. प्रेख्टल यांनी १९५८ मध्येच नोंदवले होते की इतर बाळे तळव्याला टोचताच पाय आखडून घेतात, पायाळू बाळे मात्र पाय ताणतात किंवा आखडून घेत नाहीत. हे वळण हळूहळू आपोआप बदलते.

पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण जाते, त्याच्यावर वीज पडते, असे कोकणातच नव्हे तर सगळीकडे सांगतात. त्या गोष्टी करमणुकीपुरत्या ठेवाव्यात. खरा धोका खुब्याचा आहे. खुब्याची वाटी नीट घडण्यासाठी मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात फिरत राहावा लागतो, आणि पाय ताणलेल्या स्थितीत ते पुरेसे होत नाही, म्हणून पायाळू बाळांत खुबा सैल राहण्याचे किंवा निसटण्याचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक असते. अशा बाळाचे पाय सरळ जुळवून दुपट्यात घट्ट आवळले, तर सैल खुबा निसटू शकतो. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही; दुपट्यात गुंडाळायचे तर छातीपाशी गुंडाळावे आणि पाय बेडकासारखे फाकून वाकवता येतील एवढी जागा खाली मोकळी ठेवावी. नातवाचे खुबे जन्मानंतर हाताने तपासलेले असतील. तरीही, सिझेरियनने झालेला असला तरी, सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या. या वयात दोष सापडला तर बहुतेक बाळांना शस्त्रक्रियेविना, काही आठवडे पट्टे बांधून बरे करता येते.